कवच काढलेलं अंडं

"मग आता अडलंय कुठं, बाई?"

नीलकंठने हे विचारलं तेव्हा बाई चष्मा पुसत होत्या. चष्मा पुसून झाला, नाकावर चढला, तरी उत्तर आलं नाही.

मी शेजारच्या टेबलावर ज्योतीवर काचेच्या नळ्या ओढत बसलो होतो. बाईंचं गप्प राहणं आम्हा सगळ्यांच्या सवयीचं होतं. नीलकंठच्याही होतं. पण चार वर्षं राबून यश हाताशी आलं की माणूस सवयी विसरतो.

आमच्या संस्थेत सगळे सर आणि मॅडम. डॉ. इंदिरा केसकर तेवढ्या बाई. उभा जन्म त्यांनी एकाच प्रश्नामागे घालवला: शुक्राणू आणि अंडं एकमेकांना ओळखतात कसे? लाखो निघतात, थोडे पोचतात, एक आत जातो. तो आत जातो त्या क्षणी नेमकं काय होतं?

नीलकंठ वाघोले बार्शीचा. बाईंच्या विद्यार्थ्यांत सगळ्यात हुशार. ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती आणि त्याला आमच्यापेक्षा थोडी जास्तच ठाऊक होती.

"बाई, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं मी."

"मग?"

बाईंनी समोरचा पेपर हातात घेतला.

पेपर लिहून तयार होता. पाठवायला फक्त बाईंचा होकार हवा होता. परदेशातल्या एका नामांकित प्रयोगशाळेने तो छापून आला की जागा देऊ म्हणून कळवलं होतं. दुसऱ्या कुठल्या देशात कुणीतरी त्याच वाटेने निघालंय अशी कुणकुणही लागली होती. आणि बार्शीत त्याच्या वडिलांनी पोरगा परदेशी चालल्याचं कधीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. एक दिवस उशीर म्हणजे त्याच्या जिवाला घोर.

त्याने शोधलं होतं ते असं. शुक्राणू आणि अंडं, दोघांच्याही अंगावर एक पातळ पटल असतं आणि त्या पटलात प्रथिनं रोवलेली असतात. तेच त्यांचे हात. शुक्राणूवरच्या एका प्रथिनाला जपानी लोकांनी इझुमो म्हटलं, तिकडच्या लग्न जुळवणाऱ्या देवळाचं नाव. अंड्यावरचा त्याचा जोडीदार सापडला तेव्हा त्याला जुनो हे रोमन लोकांच्या विवाहदेवीचं नाव मिळालं. हे दोन हात एकमेकांत गुंतले की पुढचं सगळं घडतं. अजूनही काही प्रथिनं मदतीला लागतात, आणि सगळी अजून कुणाला सापडलेली नाहीत.

नीलकंठला अंड्यावर एक नवीन प्रथिन सापडलं होतं. ज्या उंदराच्या मादीत ते मुळातच नाही, तिची अंडी शुक्राणूला आत घेत नव्हती. इझुमो जागेवर, जुनो जागेवर, तरी दार बंद. म्हणजे हे प्रथिन नसेल तर मीलन नाही.

नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. त्याने नाव ठेवलं बोहलं.

त्या दिवशी त्याने सगळ्या मजल्याला पेढे वाटले होते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं कुणीतरी म्हणालं. तो मोकळेपणाने हसला होता. तेव्हा त्याला हसणं परवडत होतं.

बाईंनी पेपरची पानं सारखी करून टेबलावर ठेवली.

"बोहलं नसलेल्या मादीला पिल्लं होत नाहीत, हे तू पाहिलंस?"

नीलकंठला प्रश्नाचं नवल वाटलं. त्याने समजावून सांगितलं, जरा सावकाश, म्हाताऱ्या माणसांना सांगतात तसं. आई आणि बाप दोघांकडूनही ते जनुक न मिळालेल्या माद्या मुळात थोड्या जन्मतात. जन्मतात तशा त्या सगळ्या अंड्यांसाठीच खर्ची पडतात. आणि अंडं शुक्राणूला घेतच नाही हे डोळ्यांनी दिसत असताना पिल्लं कुठून येणार?

"हातच्या काकणाला आरसा कशाला, बाई?"

बाईंनी पानं त्याच्याकडे सरकवली.

"उद्या सकाळी दोन्ही माद्यांची अंडी घेऊन ये. बोहलं असलेलीची आणि नसलेलीची. एंझाइम आणू नकोस."

"मग कवच कशाने काढायचं?"

"हाताने."

इथे थोडं थांबून सांगायला हवं. सस्तन प्राण्याच्या अंड्याभोवती काचेसारखं एक जाड कवच असतं. अंड्याच्या पटलावर काय घडतं ते बघायचं तर आधी हे कवच काढावं लागतं. जगात बहुतेक ठिकाणी ते एंझाइमने नाहीतर आम्लाने विरघळवतात. काही मिनिटांत शंभर अंडी उघडी होतात.

आमच्याकडे बाईंची पद्धत वेगळी. ज्योतीवर ओढून केसाएवढ्या बारीक केलेल्या काचेच्या सुईने कवचाला फट पाडायची आणि अरुंद नळीतून अंडं हळूहळू आत-बाहेर करत अलगद सोडवायचं. सकाळ जाते तेव्हा वाटीभर द्रवात दहाबारा अंडी जमतात. त्यानंतरही लगेच काही करायचं नाही. उघडं झालेलं अंडं सावरेपर्यंत इन्क्युबेटरच्या उबेत नुसतं ठेवायचं. या नियमाला बाईंकडे सूट नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही सगळे हे शिकलो आणि पहिल्या वर्षी सगळ्यांनी बाईंना मनातल्या मनात शिव्याही दिल्या.

गेल्या वर्षापासून बाईंचा हात थरथरायला लागला. त्यांनी मायक्रोस्कोपपुढे बसणं सोडलं. नीलकंठने मग गुपचूप नाही, अगदी सांगून सवरून एंझाइमची बाटली मागवली. बाईंनी नको म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो आधीच चिडलेला. रात्री झोपला नसावा. दोन डिश त्याने मायक्रोस्कोपजवळ ठेवल्या, दोन्हींवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं. बाई शेजारी स्टुलावर बसल्या. मांडीवर हात, हातावर हात, थरथर दिसू नये म्हणून असेल.

पहिलं अंडं त्याने सुईने फाडलं. दुसरं नळीत चिरडलं. तिसरं सुटलं आणि सुटता सुटता फुटलं.

"सवय गेली," तो म्हणाला.

त्याने पुढचं अंडं सुईखाली घेतलं.

"एंझाइमने आत्तापर्यंत झालं असतं."

"हो. झालं असतं."

पुढचं अंडं निघालं. त्यापुढचंही. हळूहळू त्याचे खांदे खाली आले, श्वास लांब झाला. मी दोनदा मान वर करून पाहिलं. खरं सांगायचं तर त्या वेळी तो मला आवडला. पेढे वाटणाऱ्या नीलकंठपेक्षा पुष्कळ जास्त.

अंडी उघडी झाली. त्यांत निळा रंग भरला. हा रंग मोठा उपयोगाचा. शुक्राणू नुसता चिकटला तर काळाच राहतो. खरोखर अंड्यात मिसळला तर अंड्यातला रंग त्याच्या डोक्यात उतरतो आणि ते डोकं अंधारात निळं उजळतं. कोण दाराशी उभा आहे आणि कोण घरात गेला, हे बघून कळतं.

नीलकंठने शुक्राणूंच्या थेंबाकडे हात नेला.

"अंहं," बाई म्हणाल्या. "आत्ताच कवच निघालंय. उबेत ठेव."

त्याने डिश इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, दार जरा जोरात लावलं आणि घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी थर्मासमधला चहा तीन कपांत ओतला. थोडा बशीत सांडला. तिसरा कप माझ्याकडे सरकवला.

चहा संपल्यावर बाईंनी विचारलं,

"पहिला आत आल्यावर अंडं काय करतं रे?"

नीलकंठने तोंडी परीक्षेत सांगावं तसं सांगितलं. अंड्याच्या पटलावरचे जुनोचे हात गळून पडतात. अर्ध्या-पाऊण तासात अंगावर जवळजवळ काही उरत नाही. मागून आलेले शुक्राणू धडका देतात, पण त्यांना धरायला कुणी नसतं.

"असं का?"

"दुसरा आत आला तर गर्भ जगत नाही. म्हणून एक आला की बंद."

"शहाणं असतं अंडं," बाई म्हणाल्या. "त्याला एकच पुरतो."

नीलकंठने कप खाली ठेवला.

"आणि माणसाला?"

तो हे थट्टेने बोलला होता. बाईंनी रिकामा कप उचलला, बेसिनपाशी गेल्या आणि धुवायला लागल्या...

वेळ झाली. डिशमध्ये शुक्राणू सोडले. पुन्हा थांबणं. मग नीलकंठने खोलीतले दिवे मालवले, पडदे ओढले आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले.

आधी बोहलं असलेल्या मादीची अंडी. त्यांत दोन, तीन निळे ठिपके; कवच नसलं की अंडं बंद व्हायच्या आत एकाहून जास्तही शिरतात. जसे हवेत तसेच. त्याने डिश बदलली.

मला त्याची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

त्याने दुसरं अंडं पाहिलं. तिसरं पाहिलं. मग पहिल्यावर परत आला. मग डिश काढून खिडकीचा पडदा जरा बाजूला केला आणि उजेडात तिच्यावरचं अक्षर वाचलं. पुन्हा डिश लावली, पुन्हा पाहिलं.

"डिशची अदलाबदल झाली," तो म्हणाला.

"झाली असेल."

"नाही... अक्षर माझंच आहे."

"मग नसेल झाली."

त्याने मला हाक मारली. मी जाऊन डोळे लावले. काळोखात अंड्याचा फिकट निळा गोल, आणि कडेशी एक छोटा, विळ्यासारखा वाकलेला, लखलखीत ठिपका. उंदराच्या शुक्राणूचं डोकं तसंच असतं, विळ्यासारखं. शेजारच्या अंड्यात तसाच एक. त्यापलीकडच्यात दोन.

बोहलं नव्हतं. लग्न लागलेलं होतं.

मी बाजूला झालो. 

नीलकंठ खुर्चीत बसून राहिला. हुशार होता, त्याला सांगावं लागलं नाही. कवच विरघळवणारं एंझाइम कवचापाशी थांबत नाही. ते पटलावरची प्रथिनंही थोडीथोडी कुरतडतं. साधं अंडं ते सोसून उभं राहतं. बोहलं नसलेलं अंडं जरा हळवं, त्याला ते सोसत नाही. एवढाच त्याच्या प्रथिनाचा महिमा. अंतरपाट ओरबाडून काढताना वधूच्या हातातली माळही ओढून नेली होती, आणि वर्षभर तो लिहीत बसला होता की वधू नाही म्हणते.

"बाई..."

"चल," बाई उठल्या. "खाली जाऊ."

खाली म्हणजे ॲनिमल हाउसमध्ये. बाईंनी मलाही मान हलवून बोलावलं. आम्ही पायांत प्लास्टिकचे मोजे चढवले, अंगावर एप्रन घातले. जिना उतरताना बाईंनी कठडा धरला होता. नीलकंठने सवयीने त्यांच्या कोपराखाली हात दिला. तेवढं त्याचं कधी चुकत नसे.

आत उंदरांचा तो ओळखीचा वास आणि पाण्याच्या बाटल्यांची टिकटिक. बाई कोपऱ्यातल्या मांडणीपाशी थांबल्या. खालच्या फळीवरच्या पिंजऱ्याकडे त्यांनी बोट केलं.

नीलकंठने पिंजरा ओढून वर ठेवला. कार्ड वाचलं. मग त्याला आठवलं, हे मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. महिन्याभरापूर्वी, अंड्यांसाठी माद्या निवडताना, बाई म्हणाल्या होत्या, यातली एक मला ठेव. त्याने ठेवली होती. कशाला, ते विचारलं नव्हतं. म्हातारपणी सुचतात एकेक गोष्टी, असं वर येऊन आम्हाला मात्र म्हणाला होता.

बाईंनी त्या मादीजवळ एक नर सोडला होता. बाकी काहीच केलं नव्हतं. ना सुई, ना नळी, ना रंग.

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात फाडलेल्या कागदाचं घरटं होतं. मादी त्यावर पसरून पडली होती आणि तिच्या पोटाशी गुलाबी, डोळे मिटलेली, शेंगदाण्याहून थोडी मोठी पिल्लं एकमेकांवर चढत होती. एकाच्या पारदर्शक पोटातून आत गेलेलं दूध पांढरं दिसत होतं.

आम्ही तिघं बघत उभे राहिलो. 

"कधी झाली?" नीलकंठने विचारलं. 

"परवा पहाटे."

परवा. म्हणजे काल तो टेबलापुढे उभा राहून अडलंय कुठं विचारत होता, तेव्हा ही पिल्लं इथे दूध पीत होती.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"मी विचारलं होतं की."

त्याला काकण आणि आरसा आठवला असणार. मान खाली गेली. पण चार वर्षं अशी मुकाट्याने जात नाहीत. तो पुन्हा वर बघून म्हणाला, आणि त्यात राग होता, लहान मुलाचा असतो तसा,

"विचारणं वेगळं, बाई. सरळ सांगायचं. पिल्लं झालीत, तुझं चुकलंय. एवढंच."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण इतक्या मायेने त्यांनी कुणाकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "धरलं कशाने असतंस? तुझेही हात गळून पडलेले."

नीलकंठ पिंजऱ्याकडे वळला.

मादी उठली. एक पिल्लू घरट्याबाहेर घरंगळलं होतं. तिने ते तोंडात धरून आत नेलं आणि पुन्हा त्यांच्यावर पसरली.

मग त्याचा बांध फुटला. रडला नाही, रडला असता तर बरं झालं असतं. बोलायला लागला. आज संध्याकाळपर्यंत सगळा पेपर उलटा लिहून काढतो. परदेशी आत्ताच कळवतो, जागा गेली तर गेली. एंझाइम वापरून आधी कुणी कुणी काय काय छापलंय ते सगळं तपासायला हवं. नाहीतर हे काम सोडूनच देतो, माझी लायकी नाही. नाहीतर नवीन मादी घेऊन उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून... वडिलांना फोन करायला हवा. त्यांना काय सांगू? तो पिंजऱ्याचं झाकण उघडत होता आणि लावत होता, आणि आपण ते करतोय हे त्याच्या लक्षात नव्हतं.

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात थरथरत होता. झाकण थांबलं.

त्यांनी पिंजरा फळीवर परत सरकवला. भिंतीशी एक लाकडी बाक होता, त्यावर त्याला बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मला दिवा मंद करायला सांगितला.

"बाई, निदान फोन तरी..."

"आत्ताच कवच निघालंय," बाई म्हणाल्या. "जरा उबेत राहू दे."